यहूदानेही पैसे परत केले होते

सिस्टर, सलाम.

मी अहिल्यानगर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी राहतो. वय ४३. नोकरी बरी आहे, दोन मुलं शिकताहेत. सहा वर्षांपासून आमच्या चर्चच्या मंडळीचा खजिनदार आहे. दोन वर्षांपूर्वी मोबाइलवर रमी खेळायला लागलो, दहा-वीस रुपयांनी. पहिल्याच आठवड्यात बावीसशे जिंकलो, तिथंच माझं चुकलं. २०२५च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आली तेव्हा वाटलं, सुटलो. महिनाभर सुटलोही होतो. मग एकाने टेलिग्रामवर लिंक पाठवली.

कापणीच्या सणाच्या लिलावाचे पैसे रविवारी माझ्याकडे आले. सोमवारी बँकेत भरायचे होते. त्यातले १८,५०० मी तीन रात्रींत घालवले. पतसंस्थेतून कर्ज काढून एकोणीस दिवसांनी सगळे भरले. कुणाला कळलं नाही. बायकोलाही नाही. ती विचारते, रात्री ओट्यावर काय करत बसता? मी म्हणतो, झोप येत नाही. साडेदहाला बसतो तो एक-दीडपर्यंत, आणि सकाळी आठला कामावर.

तीन दिवस उपास केला, चौथ्या रात्री पुन्हा खेळलो. एका सुटकेच्या सभेत प्रचारकांनी सांगितलं, तुझ्यात जुगाराचा आत्मा आहे, तो बांधावा लागेल, आणि पाच हजारांचं विश्वासाचं बी पेर, म्हणजे सभेला दे, देव कितीतरी पटीने परत देईल. आता नाताळचा निधी जमतोय, तोही माझ्याकडेच येणार. मला माझीच भीती वाटते. पैसे परत केले, तरी मन का खातंय? माझं तारण, पापातून सुटका, झालंय का? की मी येशूला तीस नाण्यांना विकणारा यहूदा आहे? नाव-गाव छापू नका.

भाऊ, सलाम.

तुमचं पत्र दोनदा वाचलं. 'मला माझीच भीती वाटते' या वाक्याशी दोन्ही वेळा थांबले. मी एकतीस वर्षं वॉर्डात काढली. 'सिस्टर, मला काहीतरी होतंय' असं म्हणणाऱ्या पेशंटकडे धावत जाता येतं. भिंतीकडे तोंड करून 'मी बरा आहे' म्हणत पडून राहतो, त्याचं अवघड असतं. तुम्ही हाक मारलीत. आता मी जे सांगणार आहे ते गोड नाही, पण ऐका.

तारणाचं मागाहून बोलू. आधी नाताळचा निधी.

तो पैसा तुमच्या हातात येता कामा नये. 'या वेळी मी प्रार्थना करून सांभाळीन' असं मनाशी ठरवत असाल, तर तोच मोह आहे, फक्त पांढरा सदरा घालून आलाय. पाळकसाहेबांना आजच फोन करा. सगळी कथा फोनवर सांगायची गरज नाही. एवढंच म्हणा, "साहेब, नाताळचे पैसे माझ्याकडे देऊ नका, का ते समक्ष येऊन सांगतो." हे वाक्य एकदा तोंडातून गेलं की मागे फिरता येत नाही. म्हणूनच ते आधी बोलायचं.

आणि यात कमीपणा वाटत असेल तर पौलाकडे बघा. यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी वर्गणी जमली, तेव्हा एवढ्या मोठ्या प्रेषिताने थैली एकट्याने उचलली नाही. आपला सहकारी तीत याच्याबरोबर मंडळ्यांनी निवडलेला भाऊ दिला, आणि कारणही लिहून ठेवलं. करिंथकरांस दुसरं पत्र, आठवा अध्याय काढा: या देणगीवरून कुणी आम्हाला दोष देऊ नये, आणि जे चांगलं ते प्रभूच्या दृष्टीनेच नव्हे तर माणसांच्याही दृष्टीने चांगलं असावं. आपल्या मंडळ्यांत मात्र 'आपलाच माणूस आहे, विश्वासू आहे' म्हणत सहा-सहा वर्षं एकाच्याच कपाटात पेटी. हिशेब मागितला की अविश्वास दाखवल्यासारखं होतं. कापणीचा लिलाव तर मी लहानपणापासून बघतेय. भोपळा सातशेला जातो, घेणारा तो पुन्हा देवाला वाहतो, पुन्हा बोली लागते. गावठी अंड्यांची टोपली तीन घरं फिरते आणि शेवटी वहीत काय उतरतं ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक. रक्कम दोघांनी मोजावी, दोघांनी सही करावी, सोमवारी पावती फलकावर लागावी, एवढं तुमच्या कमिटीने केलं असतं तर त्या तीन रात्री आल्याच नसत्या. हे मी तुम्हाला सूट म्हणून सांगत नाही. तुम्ही बाजूला झाल्यावर त्या खुर्चीत बसणाऱ्या माणसासाठी सांगतेय.

आता त्या प्रचारकांचं. दुष्ट आत्मे नाहीत असं मी म्हणणार नाही. शुभवर्तमान वाचणाऱ्याला तसं म्हणताच येत नाही. आपलं झगडणं रक्तमांसाबरोबर नाही हे पौलाने इफिसकरांना साफ लिहिलंय. पण ज्यांनी तुम्हाला पूर्वी कधी पाहिलं नाही त्यांनी गर्दीत उभ्या उभ्या निदान केलं आणि वर पाच हजारांचा डोस लिहून दिला, हे मला पटलं नाही. पाच टाक, पन्नास मिळतील. ही बोली तुम्हाला ओळखीची वाटली नाही? त्या लिंकनेही हेच सांगितलं होतं की! जुगार सोडवायला आणखी एक डाव लावायला सांगणं हा कुठला उपचार? ते पाच हजार पतसंस्थेत हप्ता म्हणून भरा.

'तुझ्यात आत्मा आहे' यात एक सोयही असते. मग मी लढणारा उरत नाही, नुसती खाट होते. युद्ध माझ्यावर चाललेलं आणि मी पडलेला. बायबलमधल्या पत्रात याकोब असं होऊ देत नाही. पहिल्याच अध्यायात तो म्हणतो की माणूस स्वतःच्या वासनेने ओढला जातो, भुलवला जातो. तिथला मूळ ग्रीक शब्द गळाला आमिष लावण्याचा आहे. आमच्या माहेरी नदीवर गळ टाकणारी पोरं असायची. मरळीसाठी बेडकाचं पिल्लू लावायची, रोहूसाठी कणकेची गोळी. मरळीला कणीक दाखवून काही होत नाही. सैतानाला तुमच्या मनात काही नवीन पेरावं लागलं नाही, तुम्ही काय खाता एवढंच त्याने बघून ठेवलं.

मग तुमच्या गळाला काय होतं? पैसा म्हणाल, तर तुमच्या पत्रात पैशाची चणचण कुठेच दिसत नाही. मला वाटतं, दिवसभर ऑफिसात आणि मंडळीत 'विश्वासू माणूस' म्हणून वावरायचं, घरी बाप म्हणून, आणि रात्री ओट्यावर थोडा वेळ असा, की तिथे आपल्याला कुणी ओळखत नाही, कुणी काही मागत नाही. कदाचित मी चुकत असेन, तुम्ही स्वतः शोधा. पण ते सापडल्याशिवाय नुसता पत्ते सोडायचा निश्चय टिकायचा नाही. खेळ बंद केला तरी ती भूक तिथेच बसलेली असते.

उपास फसला तो यामुळेच. तुम्ही तीन दिवस घर झाडलंत. मत्तयाच्या बाराव्या अध्यायातलं घर आठवा: अशुद्ध आत्मा निघून गेला, परत येऊन बघतो तर घर रिकामं, झाडलेलं, सजवलेलं. मग तो आपल्याहून वाईट असे सात बरोबर आणतो. घर घाण होतं म्हणून तो परतला नाही, रिकामं होतं म्हणून परतला. चौथ्या रात्री साडेदहाला तुमच्या ओट्यावर काय होतं? तीच खुर्ची, तोच मोबाइल, आणि तीन दिवसांचं रिकामं पोट.

पोटाचं मी मुद्दाम लिहितेय, कारण आपल्याकडे शरीराला या युद्धातून वगळतात. प्रभूपुढे सैतान आला तो चाळीस दिवसांच्या उपासानंतर, भूक लागली तेव्हा, आणि पहिली गोष्ट भाकरीचीच काढली. संदेष्टा एलीया मरण मागत झुडपाखाली पडला होता, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचा चंबू उशाशी ठेवला आणि म्हणाला, ऊठ, खा. तो खाऊन पुन्हा झोपला, तर देवदूताने पुन्हा उठवून खायला घातलं. एकोणिसावा अध्याय, पहिले राजे. तुम्ही रात्री एक-दीडपर्यंत जागता आणि सकाळी आठला कामावर जाता. झोप न मिळालेल्या माणसाचं 'नाही' फार कच्चं असतं. हे मी नाइट ड्यूटीवर स्वतः शिकलेय.

शिकलेय म्हणजे पडून शिकलेय. सत्तावीस वर्षांची असेन. सलग सहावी नाइट, वॉर्डात अठरा पेशंट, पहाटेचे चार. सगळ्यांचं बीपी घेऊन तक्त्यावर लिहायचं होतं. अकरा नंबरच्या खाटेवरचे आजोबा शांत झोपले होते. दोन दिवस त्यांचं बीपी सारखंच येत होतं. मी पट्टा बांधलाच नाही. १२०/८० लिहिलं आणि पुढे गेले. आजोबांना काही झालं नाही, चार दिवसांनी लेकाच्या हाताला धरून घरी गेले. आणि तेच वाईट झालं. कारण पुढच्या आठवड्यात दुसऱ्या एका खाटेपाशी माझा हात आपोआप लिहायला गेला. पहिल्या वेळी छाती धडधडली होती, दुसऱ्या वेळी जांभई आली.

तुम्ही विचारता, पैसे परत केले तरी मन का खातंय? मला ती जांभईच आठवते. काही बिघडलं नाही, कुणाला कळलं नाही, रक्कम जागेवर आहे. पुढच्या वेळी तुमचं मन हाच दाखला काढून दाखवणार आहे: 'मागे नाही का भरले? तसेच भरू.' शिवाय खड्डा बुजवायला तुम्ही दुसऱ्या अंगणातली माती काढली. मंडळीचं लपवलेलं आता पतसंस्थेच्या पासबुकात लपलंय, आणि ते पासबुक बायकोपासून. चोरी आत शिरली ती घरातच राहिली, नुसती खोली बदलली.

माझं ते खोटं बीपी मी एका वयस्कर सिस्टरना सांगितलं, तेही वर्षभराने. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आता महिनाभर पहाटेचा राउंड झाला की तक्ता मला दाखवून जायचा." त्या तीस दिवसांत मला मोह झाला नाही असं नाही. पण पट्टा प्रत्येक वेळी बांधला.

आता पौल सैतानाशी लढायला सांगतो त्या देवाच्या शस्त्रसामग्रीचं. तरुण संघात आपण शिरस्त्राण, ढाल, तरवार पुठ्ठ्याची करून मुलांच्या अंगावर चढवतो. फोटो छान येतात. पण इफिसच्या सहाव्या अध्यायात पहिली गोष्ट ढाल नाही की तरवार नाही. 'आपली कंबर सत्याने कसा.' काम अंगावर घ्यायचं तर बाई आधी पदर खोचते, मगच हंडा उचलते. पदर लोंबत असेल तर पहिल्याच पायरीला पाय अडकतो. तुमची ढाल असेल, वचनांची तरवारही असेल, सहा वर्षांचा खजिनदार म्हणजे बायबल कोळून प्यालेला असणार. खोचायचं राहिलंय.

आणि मराठी वाचताना आपली एक गल्लत होते. 'तुम्ही धारण करा, तुम्ही उभे राहा' हे आपल्याला वाटतं एकट्याला मानाने म्हटलंय. पौल अहो-जाहो करत नाहीये. मूळ भाषेत तिथे अनेकवचन आहे, तो अख्ख्या मंडळीला सांगतोय. प्रभूच्या प्रार्थनेतही तेच. 'आम्हांला परीक्षेत आणू नको.' ती प्रार्थना तुम्ही ओट्यावर एकटे बसून म्हणता, तरी तिच्यात 'मला' कुठेच नाही. मग ही लढाई तुम्ही दोन वर्षं एकट्याने का लढताय?

याचं उत्तर एका जुन्या शिपाईगड्याने दिलंय. आपण नगरकडचे लोक कॅथलिक संतांचं फारसं वाचत नाही, वसईच्या मंडळींना तो ओळखीचा असेल. इग्नेशियस लोयोला, स्पेनचा. १५२१ साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफेच्या गोळ्याने त्याचा पाय मोडला आणि अंथरुणावर पडल्या पडल्या त्याने स्वतःच्या मनाचा हिशेब मांडायला सुरुवात केली. पुढे त्याने साधकांसाठी नियम लिहिले. त्यात तो सैतानाच्या ज्या चाली सांगतो, त्यांतल्या दोन बघा. एक, वेढा घालणाऱ्या सरदारासारखा गडाभोवती फिरून कच्ची बाजू हेरतो. दोन, परक्या घरची बाई फूस लावून नेऊ बघणाऱ्या लबाड माणसासारखा 'हे कुणाला सांगू नकोस' म्हणतो. बाईने घरी सांगितलं की त्याचा डाव संपला. लोयोला गडी सैनिक, त्याला गड सुचणारच. मला वाचताना आपली हिरकणी आठवली. रायगडाचे दरवाजे बंद झाले, तान्ह्या लेकरासाठी ती अंधारात कड्यावरून उतरली. गोष्ट अशी सांगतात की महाराजांनी तिचा सत्कार केला आणि जिथून ती उतरली तिथे बुरूज बांधला. सत्कारावर भागवलं असतं तर ती वाट तशीच राहिली असती. तुमची वाट तुम्हाला ठाऊक आहे: रात्री साडेदहा, ओटा, मोबाइल, आणि जवळ दुसऱ्याची रोकड. बुरूज तिथे हवा. सभेत जाऊन मोठ्याने 'बांधतो' म्हणण्याने तिथे एक चिराही बसत नाही.

चिरे कुठले ते सांगते, पटतील ते लावा. टेलिग्राम काढून टाका, तो माणूस मित्र असला तरी नंबर बंद करा. पगाराच्या खात्यावरून यूपीआय काही महिने काढा. खर्चाला रोख बायकोकडून घ्या. हो, मागून घ्या. मोबाइल रात्री नऊला स्वयंपाकघरात चार्जिंगला, चार्जर तिथून हलवायचा नाही. योसेफाने त्याला मोहात पाडू बघणाऱ्या पोटीफराच्या बायकोशी वाद घातला नाही, झगा तिच्या हातात सोडला आणि पळाला. झगा गेला तर जाऊ दे. ओट्यावर बसायचंच असेल तर दोघांनी बसा. आणि ज्यांना सांगाल त्यांच्यातल्या एकाला रोज रात्री दहाला फोन करायचा. लांबलचक प्रार्थना नको. "आज खेळलो नाही" किंवा "आज खेळलो." दुसरं वाक्य बोलायची मुभा असेल तरच पहिलं खरं राहतं.

डॉक्टरांचंही बोलते, कारण ते कुणी बोलत नाही. जुगाराचं व्यसन हा आजार म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या यादीत आहे. हुकता हुकता आलेला डाव मेंदूला जिंकल्यासारखाच चेतवतो, म्हणून हरणारा उठत नाही. सरकारचा टेली-मानस म्हणून फोन आहे, १४४१६, रात्रंदिवस चालतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं. तिथे फोन करणं म्हणजे विश्वासात कमी पडणं नव्हे. मी इन्सुलिन टोचून घेते आणि प्रार्थनाही करते. पोलिसांचं भय मनात असेल तर, नव्या कायद्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. मंडळीच्या पैशाची गोष्ट निराळी. तो विश्वस्त निधी आहे. कमिटी तुम्हाला पदावरून काढेल, कदाचित आणखीही काही ठरवेल. 'काही होणार नाही' असं खोटं आश्वासन मी देणार नाही. जे होईल ते घ्यावं लागेल.

आता यहूदा. हा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण झोप तुमची त्यानेच घालवलीय. योहान त्याच्याबद्दल लिहितो की त्याच्याजवळ पैशांची डबी होती आणि तीत टाकलेलं तो चोरून घेई. खजिनदाराला हे वाचून काय वाटत असेल ते मी समजू शकते. पण मत्तयाचा सत्ताविसावा अध्याय उघडा. यहूदाला पस्तावा झाला. त्याने ती तीस नाणी परत नेली. 'मी पाप केले' असं तोंडाने म्हणाला. म्हणजे पैसे परत करणं झालं, कबुली झाली, सगळं झालं. चुकलं ते कुणाकडे गेला त्यात. ज्यांनी त्याला विकत घेतलं त्यांच्याकडे गेला. ते म्हणाले, त्याचे आम्हांला काय? तुझे तूच पाहा. आणि तो एकटा निघून गेला.

येशूला धरलं त्याच रात्री त्याचा शिष्य पेत्रही पडला होता, कोळशाच्या विस्तवापाशी, 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हणून. रडला तोही. पण पुढे तो इतर शिष्यांमध्येच दिसतो. होडीतही त्यांच्याबरोबरच. आणि किनाऱ्यावर प्रभूने पुन्हा कोळशाचाच विस्तव पेटवून ठेवला होता, त्यावर मासे. बोलणं न्याहारीनंतर झालं. दोघांच्या पापांचं वजन कोण कसं करणार, मी तरी करत नाही. फरक दिसतो तो जायच्या ठिकाणाचा. म्हणून सांगायचं कुणाला हे नीट निवडा. मंडळीचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप नको. भर सभेत साक्ष देणंही आत्ता नको. आणि महिला मंडळाच्या प्रार्थनासभेपासूनही हे लांब ठेवा. मी त्याच मंडळातली आहे, म्हणून सांगते: आमच्यात दुसऱ्याची भानगड 'प्रार्थनेची विनंती' होऊन येते आणि आमेनच्या आधी गावभर होते. पाळकसाहेब, आणि एक असा वडीलधारा की ज्याने स्वतः कधीतरी मार खाल्लाय. दोघे पुरेत. 'तुझे तूच पाहा' म्हणणारे निघाले तर तिसऱ्याकडे जा, पण परत एकटे ओट्यावर येऊ नका. आणि कधी रात्री जगणंच नको असं वाटलं, तर सकाळची वाट बघू नका. शेजारी झोपलेल्या माणसाला उठवा, किंवा तो १४४१६ लावा.

तारणाबद्दल. जो सैतान आधी 'एवढ्याने काय होतंय' म्हणतो, तोच नंतर 'आता तुझं काय उरलं' म्हणायला येतो. आवाज बदलतो, माणूस तोच. प्रकटीकरणात त्याचं नावच बंधूंना दोष देणारा असं आहे, आणि तो ते रात्रंदिवस करतो. पवित्र आत्माही दोष दाखवतो, मग ओळखायचं कसं? वॉर्डात आम्ही विचारायचो, कुठे दुखतं, एका बोटाने दाखवा. पवित्र आत्मा बोट ठेवतो: पतसंस्थेचं ते कर्ज, ती एकोणीस दिवसांची गोष्ट, बायकोला दिलेलं ते उत्तर. दुसरा म्हणतो, तू सगळाच सडका आहेस. बोट ठेवलेल्या जागी काहीतरी करता येतं. 'सगळाच सडका' यावर कुणी काय करणार, झोपून राहणार. तुमचं मन खातंय, तुम्ही पत्र लिहिलंत, नाताळच्या पैशांना घाबरलात. मेलेल्या अंगाला सुई टोचली तर ते हात मागे घेत नाही, भाऊ.

पुन्हा पडाल का? पडू शकाल. प्रभूलासुद्धा सैतान कायमचा सोडून गेला नव्हता, लूक लिहितो की संधी मिळेपर्यंत गेला. पडलात तर त्याच रात्री दहाच्या फोनवर सांगा, दुसऱ्या दिवसावर टाकू नका. एकोणीस दिवसांचा तर प्रश्नच नाही.

राहिली बायको. ती तुम्हाला विचारते, रात्री ओट्यावर काय करत बसता? दोन वर्षांत हे तिने कितीदा विचारलं असेल? तिला काहीतरी कळलंय. काय ते माहीत नाही म्हणून ती कदाचित याहून वाईट काहीतरी धरून बसली असेल. पाळकसाहेबांकडे जायच्या आधी तिला सांगा. मुलं झोपल्यावर, ओट्यावर नको, आत स्वयंपाकघरात, दिवा लावून. चहा तुम्ही करा. पतसंस्थेचं पासबुक आधी टेबलावर ठेवा, म्हणजे मध्येच आकडा कमी करून सांगायचा मोह होणार नाही. ती रडेल, कदाचित दोन दिवस बोलणार नाही. तिला समजावायला जाऊ नका. मोबाइल अनलॉक करून तिच्यासमोर सरकवा आणि गप्प बसा.